गाडग्यातून निघालेलं नाव

गुरुजी, तुम्हाला लिहायला फार उशीर झाला, त्याची माफी असावी. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, आणि ज्या गोष्टीबद्दल लिहायला बसलो ती होऊनही पंधरा उलटली. मधे कितीदा कागद घेतला. कधी खळं आडवं आलं, कधी डोळे. खरं म्हणजे भीत होतो. अजूनही भीतोच आहे. तुमच्याकडं चौथीपर्यंत शिकलो आणि बापामागं औत धरायला गेलो, म्हणून अक्षर हे असं आहे. लाल शाईनं काही दुरुस्त करणार असाल तर आधी शेवटपर्यंत वाचा.

तुमच्या खेळाबद्दल लिहायचंय. आता गावातल्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. मार्गशीर्षात, ज्वारी उभी असताना, एक दिवस सगळं गाव सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत दुसरंच कुणीतरी व्हायचं. गोष्ट जुनीच, बादशाहीतली. दुष्काळ पडतो, बादशाहाच्या कोठारावरचा अंमलदार कोठार उघडून लोकांना धान्य वाटतो, बादशाहाचे शिपाई त्याला धरून बेदरला न्यायला येतात. आणि ते पोचायच्या आत देव महाराच्या वेशात, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन दरबारात जातो, सगळ्या धान्याची भरपाई करून येतो. पण नाटक नव्हतं ते. पाठ करायला काही नव्हतं, बघायला बसलेलं कुणी नव्हतं. ज्याला जे मिळालं ते त्यानं दिवसभर व्हायचं. स्वतःचं नाव तोंडातून निघालं तर कण्यांसाठी दोन घागरी पाणी आणायचं. दिवस मावळता सगळ्या गावानं देव झालेल्या माणसाच्या पायांवर डोकं ठेवायचं आणि तुमच्या अंगणात, म्हणजे कोठारात, एका रांगेत बसून ज्वारीच्या कण्या खायच्या.

कुणी काय व्हायचं ते दोन गाडग्यांतून निघायचं. एकात माणसांची नावं, एकात सोंगं. मास्तरीणबाईंना वाचता येत नव्हतं म्हणून चिठ्ठ्या त्या काढायच्या आणि तुम्ही वाचायचा. वाचलेल्या चिठ्ठ्या कण्यांच्या चुलीत. एका वर्षी गावातले मोठे जमीनदार, ज्यांना आपण सगळे मालक म्हणायचो, त्यांना दुष्काळातला भिकारी निघाला. हातात परात घेऊन ते एका रांडमुंड म्हातारीच्या दारात उभे राहिले, तर ती आतूनच म्हणाली, "फुडं जा बाबा, आमचंच आजून झालं न्हाई." मालक दुपारपर्यंत उपाशी. आणि एकदा मेंढरं राखणारा एक जण बादशहा झाला. शाळेच्या ओट्यावर बसून दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "पयले मेंढरं गिनो, फिर इन्साफ करेंगे." तुम्ही हसता हसता खाली बसला होतात.

मला एकदा बादशहा व्हायचं होतं म्हणून मी आदल्या दिवशी दोन्ही गाडग्यांत हात घालून बादशहाची आणि माझ्या नावाची चिठ्ठी वर आणून ठेवली. तुम्ही बघितलंत. मारलं नाहीत. पुढ्यात बसवून म्हणालात, "ह्या गावात एकच जागा आहे जिथं कुणाचं कुळ बघितलं जात नाही, ती ह्या गाडग्यात. तीही तुला नको असेल तर फोडून टाक." मी फोडलं नाही. तीन दिवस जेवलो मात्र नाही. आणि मरायच्या आधी तुम्ही दोन्ही गाडगी माझ्याच घरी पाठवलीत, सोबत तुमचा चष्मा, "वाचायला लागेल" म्हणून. गावात मॅट्रिक झालेली माणसं होती, गुरुजी. माझ्यासारख्या भित्र्याला का दिलंत? ह्याचा राग माझ्या मनात अजून आहे, तो आज लिहून टाकतो.

चार-पाच वर्षं नीट केलं. मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तो पावसाळा आला. रोज कुठल्या तरी गावातल्या वस्तीची घरं जाळल्याचं कानावर यायचं. आपल्या गावात काही झालं नाही, पण वस्तीतल्या बाया एकट्या शेतात जाईनाशा झाल्या. मार्गशीर्ष लागला तसा मालकांचा पुतण्या माझ्या ओट्यावर येऊन बसला. सुपारी कातरत म्हणाला, "मामा, औंदा वस्तीतल्या चिठ्ठ्या नका टाकू. कुणाचं काय निघंल, कुणाच्या पाया पडायची पाळी यील. लोकं तापलेत."

"मास्तरांनी घालून दिलंय ते मोडत नसतो मी," मी म्हणालो. ते म्हणताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. सगळ्या चिठ्ठ्या मी मोजून टाकल्या.

तो दिवस मला असा दिसतो. मी ओट्यावर आहे, तुमचा चष्मा डोळ्यांवर. मास्तरीणबाई एका गाडग्यातून सोंग काढतात, मी मोठ्यानं वाचतो, देव. माणसं पुढं सरकतात. दुसऱ्यातून नाव निघतं. मी उलगडतो. वस्तीतला तो पोरगा, तुमच्या हाताखाली शिकलेला, जिंतूरला जाऊन मॅट्रिक झालेला, तुम्ही ज्याच्या अक्षराचं नाव घ्यायचा, त्याचं नाव आहे. समोर मालक उभे आहेत, त्यांच्यामागं पुतण्या आणि त्याची सात-आठ टगी. माझ्या जिभेनं पुतण्याचं नाव वाचलं. पुढं पुतण्याची खरी चिठ्ठी निघाली, दुष्काळातला भिकारी, ती मी त्या पोराच्या नावानं वाचली. वाचून मान वळवली तर तो माझ्या पाठीशीच, खांबाला टेकून उभा. परात उचलली आणि पायऱ्या उतरून गेला.

पुतण्यानं घोंगडी पांघरली, काठी घेतली, मिशीला पीळ देत देव झाला. संध्याकाळी सगळं गाव त्याच्या पाया पडलं. त्या पोराची आईही पडली. पोरगा रांगेत होता, त्याची पाळी आली तेव्हा परात खाली ठेवून निघून गेला. कण्या खाल्ल्या नाहीत त्यानं. आठव्या दिवशी पोराच्या घरच्यांची कडब्याची गंजी पेटवली. कुणी पेटवली ते गावाला माहीत आहे. ज्याच्या पायांवर डोकं ठेवलं, तोही त्यांत होता. महिनाभरात पोरगा औरंगाबादला गेला. पुढच्या वर्षी वस्तीतलं कुणी खेळाला आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मेंढपाळ आले नाहीत. मग मी गाडगी माळ्यावर टाकली. लोक म्हणाले, मामाचं वय झालं. मी होकार दिला.

परवाच्या संक्रांतीला विद्यापीठाला ते नाव लागलं. वस्तीत पेढे वाटले. संध्याकाळी औरंगाबादहून आलेला तो पोरगा माझ्याकडं आला. केस पिकायला लागलेत, सोबत सात-आठ वर्षांची लेक. माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. माझी सून त्याला चहा पाजायला बशी शोधत बसली, तोवर म्हणाला, "मामा, मी खांबापाशी होतो. माझं नाव मला वाचता येतं."

मी म्हणालो, "आरं, चष्मा मास्तरांचा होता. माझ्या नंबरचा न्हवता. वाचण्यात चुकलं आसंल."

"मास्तरांवर ढकलायलाव व्हय?" तो हसला. मग म्हणाला, "तुमाला वाटलं आसंल, मला देव व्हायचं होतं. न्हाई, मामा. ती महारकीची घोंगडी-काठी आमच्या आज्यानं टाकली ती टाकलीच. नाव निघंल तवा सगळ्या गावाच्या तोंडावर न्हाई म्हणायचं ठरवून आलो होतो मी. दरसाल ठरवून यायचो. तेवढं एक न्हाई, ते बी तुमी म्हणू दिलं न्हाई."

म्हणजे बघा. कुणाला त्याच्या पाया पडावं लागणारच नव्हतं. मी ज्याला भ्यालो ते होणारच नव्हतं. आणि त्याच्याबद्दल मला जी कीव यायची, इतकी वर्षं, बिचाऱ्याचा मान हुकला म्हणून, तीही खोटीच.

उठताना त्यानं विचारलं, "ती चिठ्ठी चुलीत घातली का?"

"घातली," मी म्हणालो.

"आसती तर मागून घेतली आसती. पोरीला दाखवायला. बापाचं नाव ह्या गावात एकदा निघालं होतं म्हणून."

चिठ्ठी चुलीत घातली नाही, गुरुजी. कुणी वाचील ह्या भीतीनं त्या दिवशी तुमच्या चष्म्याच्या घरात खुपसली, ती तिथंच आहे. उद्या सकाळच्या जिंतूरच्या गाडीनं तो जाणार. द्यायची म्हटलं तर दोनदा खोटं बोललो हे त्या पोरीदेखत निघतं. न द्यायची तर मी किती दिवस आहे, माझ्यामागं सून हे घर झाडताना फेकून देईल. दोन दिवस जेवण जात नाही. सून म्हणते, डॉक्टरला दाखवा.

आणखी एक, तेवढं सांगून थांबतो. हे पत्र पेटीत टाकायचं नाही, चिठ्ठीशेजारीच ठेवतो. तुमचा चष्मा माझ्या नंबरचाच होता. त्या दिवशी त्याच्या नावाचं अक्षर न अक्षर लख्ख दिसलं होतं. आताही तोच लावून लिहितोय. मी काय करू ते लवकर कळवा. गाडी सातला सुटते.