मागल्या बोळाचे साक्षीदार

नाशिक, भद्रकाली
माघ वद्य पंचमी, शके १८६०

तीर्थस्वरूप दाजींचे सेवेशी,

चिमाजीचा जमिनीला कपाळ टेकून नमस्कार. इकडे आम्ही सर्व खुशाल. कुसाअक्काच्या गुडघ्यांना माझे तेल मानवले का? चांदवडची शाळा कशी चालली आहे? आणि आपण स्वतः नीट उठता-बसता ना? (हे आपले सहज विचारले.)

दाजी, आपले माझ्यावर फार उपकार. वडिलांनी मला वाया गेलेला ठरवले होते. आपण म्हणालात, याच्या हाताला गुण आहे, आणि येवल्याच्या गुरुजींकडे मला वैद्यकी शिकायला धाडलेत. दारावरची ‘चिमाजी वैद्य’ ही पाटीसुद्धा आपल्याच अक्षरातली. तिच्या जिवावर आजवर आमची चूल पेटली. तीच पाटी उतरवायची पाळी आली, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

झाले असे की मुंबई सरकारने नवा कायदा केला. डॉक्टरांसारखी आता वैद्य-हकिमांचीही नोंदणी व्हायची. ज्यांच्याकडे कॉलेजचा कागद नाही, त्यांनी जुनी वैद्यकी असल्याचा पुरावा द्यायचा. आणि नोंदणीच्या कचेरीतले आमचे साहेब म्हणतात, पुरावा म्हणजे बरे झालेले रोगी. मी म्हटले, हात्तिच्या! अर्धे नाशिक माझ्या औषधावर उभे आहे. पण माझी खरी वैद्यकी मूळव्याधीची, हे आपण जाणताच. पुढल्या दाराने खोकल्याची पोरे येतात. बड्या असामी येतात त्या मागल्या बोळातून, दिवेलागणीला, तोंडावर उपरणे घेऊन. (बोळात दोघांची गाठ पडली तर दोघेही ‘गाय शोधतोय’ म्हणतात. त्या बोळात आजवर एकही गाय शिरलेली नाही.)

पहिल्यांदा सराफ बाजारातल्या शेटजींकडे गेलो. लक्ष्मीपूजनाला ज्यांना गादीवर टेकता येत नव्हते, ते हेच. म्हणाले, “दुखणं? मला? अहो, ते आमच्या मुनिमाचं!” मुनीम शेजारीच बसला होता, तो बिचारा उठून गेला. वकीलसाहेबांनी मात्र मोठ्या प्रेमाने चिठ्ठी दिली की यांच्या औषधाने माझे पडसे बरे झाले. ही तोड शेटजींनाही पसंत पडली. मग त्यांचेही पडसे, देवळाच्या पंचांचेही पडसे. चिठ्ठ्यांचा जुडगा घेऊन मी ऐटीत साहेबांपुढे गेलो. त्यांनी सगळ्या वाचल्या आणि चष्मा काढला. “वैद्यबुवा, नाशकात पडशावाचून दुसरा रोगच नाही का? आणि पडसं तर सुंठीवाचूनही जातं. खऱ्या रोगातून उठलेली दोन माणसं उभी करा, नाहीतर पाटी उतरवा.”

घरी येऊन मी पाटी उतरवायला स्टूल मागितले. (हिने दिले नाही. आधी जेवा म्हणाली.)

त्याच दुपारी मालेगावचे निजामभाई औषधाला आले. विणकर माणूस, दिवसभर मागावर बसायचे काम, त्यामुळे हे दुखणे त्यांच्या पोटावरच आले होते. ते नेहमी पुढल्या दाराने येतात. बोळ त्यांना मी दाखवला नाही, आणि दाखवला असता तरी ते तिकडून आले नसते. सगळे ऐकून त्यांनी मला हाताला धरून कचेरीत नेले आणि कारकून, शिपाई, पक्षकार अशा सगळ्यांदेखत खणखणीत सांगितले, “साहेब, मूळव्याध होती मला. मागावर बसलो की डोळ्यांतून पानी यायचं. बसनं बंद तर विननं बंद, घरची चूल बंद. या वैद्यानं मला पुन्हा बसवलं. यात शरम कसली? बीमारी हाय, चोरी थोडीच केली?” माझे डोळे भरून आले, दाजी. या माणसाचे ऋण मी जन्मात विसरणार नाही. साहेबांनी साक्ष लिहून घेतली आणि एवढेच म्हणाले, “एक झाली.”

असा देवमाणूस भेटला म्हणून पाटी अजून दारावर आहे. अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपल्या अक्षराखाली पोट भरणारा,
चिमाजी

ता. क. साक्ष एकच कमी आहे. साहेब स्वतः बुधवारी बोळातून येऊन गेले (गाय शोधत), पण साहेबांची साक्ष साहेबांपुढे चालत नाही म्हणे. तेव्हा दुसरे नाव मी आपले देऊन बसलो आहे. येत्या सोमवारी कचेरीत यावे. माझे पहिले रोगी आपणच. तेव्हा आपण सगळे तास उभ्याने घेत होतात, आणि ‘हे मास्तर वर्गात कधी बसत नाहीत, इतरांनी कित्ता गिरवावा’ असा शेरा इन्स्पेक्टरांनी दिला होता. तो शाळेत चौकटीत लावलेला आहे हे ठाऊक असूनही साक्ष मागतो आहे. दुसरे कोणी मला नाही.

पुन्हा ता. क. अक्काला कळेल ही भीती नको. आपण गोदास्नानाला म्हणून नाशकाला निघायचात, तेव्हा ती पथ्याचे ताक बरोबर द्यायची. स्नानाला ताक कशाला लागते, असे आपल्या मनात कधी आले नाही का? ‘यांना बघ रे’ असा निरोप पहिल्यांदा तिनेच मला धाडला होता. सोमवारी फार बोलू नका. साहेब खुर्ची देतील, तिच्यावर सगळ्यांदेखत ऐसपैस बसा. तेवढी साक्ष मला पुरे आहे.