कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पाणी

उस्ताद, लिहायला फार उशीर केला, त्याची माफी मागतो. माफी तेवढ्याचीच. बाकीची तुम्ही मागायची राहिली आहे, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी तिची वाट पाहणं सोडलेलं नाही. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, अक्षर वाकडं येतं. तरी हे वाचाच.

उमरखेडचं आपलं गॅरेज, श्रावणातली दुपार. डॉक्टरसाहेबांची मोटार ढाणकीच्या रस्त्यावर बंद पडली म्हणून बैलजोडी लावून ओढत आणली आहे. तुम्ही कार्ब्युरेटर उघडता, त्याची वाटी माझ्या नाकासमोर धरता. पेट्रोलाखाली पाण्याचे मणी पळत असतात. त्याच सकाळी तिच्या टाकीत डब्यातून पेट्रोल मीच ओतलं होतं. "गाडी पाण्यावर चालवतं काय बे? टाकी म्हणजे रांजण वाटला तुले?" डॉक्टर हसले, समोरचा चहावालाही हसला. मी म्हटलं, "मी पाणी नाही टाकलं उस्ताद, आईची आन." "मंग काय आभाळातून पडलं?" आणि कानाखाली आवाज काढलात. माझं लग्न झालेलं होतं तेव्हा. त्यानंतर तुम्ही मला कार्ब्युरेटरला हात लावू दिला नाही. बाकीचे सगळे मिस्त्री झाले, मी पंक्चर काढत राहिलो, आणि गाव मला पाणीवाला म्हणू लागलं. जे शिकलो ते तुमच्या पाठीमागून पाहून शिकलो.

पुढे तीच मोटार तुम्ही डॉक्टरांकडून घेतली. यंदा पावसाळा संपल्यावर तुमचा मुलगा माझ्या दुकानात आला. "काका, बाबाची गाडी चालूच नाही होऊन राह्यली. कार्ब्युरेटरवाला आता तुमच्याशिवाय कोणी उरला नाही." मी वाटी उघडली, उस्ताद. तळाला पाणी! आता पंपावर साधं पेट्रोल मिळतच नाही. पाचवा हिस्सा इथेनॉल असतं, उसाचं नाहीतर मक्याचं. नव्या गाड्या त्यासाठीच बनवलेल्या, जावयाची बिनतक्रार पळते, फक्त ॲव्हरेज कमी झालं म्हणून तो कुरकुरतो. पण जुनी गाडी अर्ध्या टाकीनं पावसाळाभर उभी राहिली, की हे इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि खाली पाणी बसतं. रबरी नळ्याही फुगून चिकट झाल्या होत्या. मी ते पाणी काचेच्या बाटलीत भरलं आणि तुमच्याच गॅरेजच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. तुमच्या मुलाला बाहेर बोलावलं. चहा पिणारे जमले.

"बोल, हे पाणी कोणं टाकलं?"

"कोणंच नाही काका. आजकालचं पेट्रोलच तसं हाये."

"मंग तुह्या बापानं मले कायले मारलं होतं?"

"चुकले असतील बाबा."

"असतील नाही. चुकले म्हण."

"चुकले."

मी त्याच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. इतकी वर्षं छातीवर बसलेला दगड त्या पायरीवर उतरला. बाटलीला घट्ट बूच मारून ती माझ्या दुकानाबाहेर तारेनं टांगली. येणाऱ्याजाणाऱ्याला तुमचं नाव घेऊन दाखवतो.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही कणीक मळता मळता म्हणाली, "पण तवाच्या पेट्रोलात होतं काय हो हे उसाचं?" मी ओरडलो, "तुले काय समजते त्यातलं!" ती पोळ्या लाटायला लागली. मला मात्र जेवण गेलं नाही. तेव्हाचं पेट्रोल साधं होतं. ते हवेतून पाणी ओढत नव्हतं. म्हणजे ते पाणी कुठून तरी आलंच होतं. त्या सकाळी डब्याला चिखल लागला होता म्हणून मी तो हापशीवर विसळला होता. डॉक्टर घाई करत होते. पालथा घातला, पण आत फडकं फिरवलं नाही. पाणी मी टाकलं नव्हतं, उस्ताद, फक्त डबा पुसला नव्हता.

हे तुमच्या मुलाला सांगितलेलं नाही. बाटलीही काढणार नाही. एका ओल्या डब्यासाठी माणसाचा जन्म पंक्चरमध्ये घालवत नाहीत. हा कागद पान्यांच्या पेटीत ठेवतो, दुसरीकडे कुठे टाकणार? पण एक गोष्ट आता आठवली आहे आणि ती स्वस्थ बसू देत नाही. मला मारायच्या आधी तुम्ही तो डबा उचलून आत वाकून पाहिलं होतं. आत काय दिसलं होतं, तेवढं लवकर कळवा.