टेलिफोनबाईंच्या पुस्तकाला आलेल्या वासाबाबत

प्रति,
मा. स्वच्छता निरीक्षक,
विभागीय स्वच्छता कार्यालय,
पहिला मजला (अर्जदाराच्या खोलीच्या थेट वर).

विषय : नवीन पुस्तकांच्या सर्व प्रती 'दूषित कागदी माल' म्हणून नष्ट करण्याची नोटीस रद्द करण्याबाबत, तसेच एका लेखिकेस आपल्या सहीचे पत्र मिळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराच्या दारावर डकवलेली आपल्या कार्यालयाची नोटीस.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, ज्यांना उत्तर आलेले नाही.

महोदय,

आपल्या नोटिशीत 'सदर इसम' असा उल्लेख आहे, तो बाईमाणसाला लागू पडत नाही. म्हणून या कागदात 'अर्जदार' असे लिहिले आहे. अर्जदार म्हणजे तळमजल्यावरच्या प्रकाशनाची मालकीण. जे घडले ते क्रमाने पुढे मांडले आहे. लिहिताना अर्जदाराला दोनदा उठून खिडकीत उभे राहावे लागले, त्यामुळे अक्षर मधेच बदललेले दिसेल.

१. अर्जदार आणि तिची नणंद अशा दोघी मिळून हे प्रकाशन चालवतात. अर्जदार हस्तलिखिते निवडते आणि छापखान्याशी भांडते. नणंद मुद्रिते तपासते आणि अर्जदाराशी भांडते. अर्जदाराचे पती या धंद्यात नाहीत. 'तुम्ही दोघी आणि तुमची रद्दी' एवढे म्हणून ते रोज आपल्या कामावर जातात. खोली एकच आहे, सरकारी इमारतीतली, भाड्याची. पुढे दार, बाजूला खिडकी, आणि मागे एक भिंत, जिला टेकवून पुस्तकांचे गठ्ठे रचलेले असतात, कारण दुसरीकडे जागा नाही. या भिंतीमागे इमारतीचे पाइप जाणारी अरुंद बोळ आहे. माणूस आडवा होऊनच तिच्यात शिरू शकतो. आपल्या कार्यालयातल्या जेवणाच्या खोलीची खिडकी याच बोळीत उघडते. नोटिशीत या खिडकीबद्दल चकार शब्द नाही.

२. या हंगामात अर्जदाराने तीन नवी पुस्तके काढली : एक कादंबरी, एका दंतवैद्याच्या कविता, आणि 'थांबा, जोडून देते' हे आठवणींचे पुस्तक. या तिसऱ्या पुस्तकाच्या लेखिकेने उभी हयात सरकारी टेलिफोन केंद्रात कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी एकमेकांना जोडून दिली. सगळे तिला टेलिफोनबाई म्हणतात. वय ऐंशीच्या घरात, एकटी राहते, आणि आयुष्यातले हे पहिलेच पुस्तक. हस्तलिखित घेऊन ती आली तेव्हा म्हणाली होती, "मी जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं पोचवलं. हे माझं आहे. पोचलं तर बघा." नणंदेला सहसा कोणाचे लिखाण पसंत पडत नाही. तिने ते एका बैठकीत वाचले आणि त्या दिवशी अर्जदाराशी भांडली नाही.

३. पुस्तके बाइंडरकडून आली, गठ्ठे मागच्या भिंतीला लागले, आणि त्याच आठवड्यात वास सुरू झाला. आधी गोडसर, मग आंबूस, मग शब्दांत न सांगता येण्यासारखा. अर्जदाराने बाइंडरला बोलावले. पुस्तक नाकाला लावून तो रागाने म्हणाला, "माझ्या सरसाला नावं ठेवू नका. सरस असा सडत नाही." नणंदेने अर्जदाराच्या डब्यावर संशय घेतला, अर्जदाराने नणंदेच्या चपलांवर. शेवटी दंतवैद्य आपल्या प्रती न्यायला आले. दारातच थांबून त्यांनी एकदा श्वास घेतला आणि म्हणाले, "गळू फुटल्यावर पेशंटच्या तोंडाला येतो तसला वास आहे हा. इथे काहीतरी मेलंय, बाई. आणि एकटं नाही मेलेलं." मग तिघांनीही भिंतीला नाक लावले. पुन्हा लावायची कोणाची छाती झाली नाही.

४. अर्जदार लगेच जिना चढून आपल्या कार्यालयात आली. स्वच्छतेचे कार्यालय डोक्यावरच आहे, म्हणजे काम घरच्या घरी होईल, अशी तिची भाबडी समजूत होती. शिपायाने सांगितले, साहेब जेवायला बसलेत. जेवण झाल्यावर आपण विचारलेत, "जनावर भिंतीच्या कुठल्या बाजूला मेलंय?" अर्जदार म्हणाली, बोळीत असावे. त्यावर आपण म्हणालात, "बोळ इमारत विभागाकडे येते. तुमच्या बाजूला असेल तर तुम्ही काढा. आमच्या बाजूला असेल तर लेखी द्या." अर्जदाराने लेखी दिले. इमारत विभागाने कळवले की बोळीतली घाण हा स्वच्छतेचा विषय आहे. पुन्हा लेखी दिले. मग आपला एक कर्मचारी पाहणीला आला. रुमालाने नाक घट्ट दाबून तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि त्याच अवस्थेत त्याने अहवालात लिहिले, 'दुर्गंधी आढळून आली नाही.' अर्जदाराने त्याला रुमाल काढायला सांगितले. तो म्हणाला, "मला उलटी होईल."

५. प्रकाशन समारंभाची निमंत्रणे गेलेली होती. दुसरीकडे जागा घेण्याची ऐपत नव्हती. खोलीत उदबत्त्या लावल्या, फिनेल ओतले, पंखा उलटा करून खिडकीत ठेवला. त्यामुळे वासाला आणखी दोन वास येऊन मिळाले, एवढेच झाले. लोक आले, बसले, आणि खुर्च्या हळूहळू दाराकडे सरकू लागल्या. कादंबरीकाराने भाषण दोन वाक्यांत उरकले. त्याला एरवी कोणी आवरू शकत नाही.

मग टेलिफोनबाई उठल्या. ठेवणीतले कपडे घातलेले, केस नीट बांधलेले. बोलायच्या आधी त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी उचलले, मधोमध उघडले आणि नाकाशी नेले. नव्या पुस्तकाचा वास घ्यायचा, एवढेच त्यांच्या मनात होते. पहिल्या रांगेतल्या एका बाईने त्याच वेळी तोंडावर हात धरला. टेलिफोनबाईंनी पुस्तक खाली केले. आपली बोटे हुंगली, मग बाही. दाराकडे सरकलेल्या खुर्च्यांकडे पाहिले. आणि अर्जदाराच्या कानाशी वाकून, अगदी हळू आवाजात विचारले, "मला येतोय का गं वास? म्हातारपणी कळत नाही आपलं आपल्याला."

अर्जदार म्हणाली, नाही हो, भिंतीचा आहे. नणंदही तेच म्हणाली. टेलिफोनबाईंनी मान हलवली, पुस्तक मिटून टेबलावर ठेवले आणि भाषण न करता घरी गेल्या. त्या एकही प्रत घेऊन गेल्या नाहीत.

महोदय, आजवर अर्जदाराला अनेक गोष्टींचा संताप आला आहे. पुस्तकांच्या धंद्यात तो रोजचाच. त्या दिवशी आली ती किळस होती, आणि ती भिंतीमागच्या जनावराची नव्हती.

६. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जदार व नणंद यांनी नळवाल्याकडून हातोडा आणि छिन्नी आणली. मागच्या भिंतीत खाली एक जुनी झरोक्याची जागा विटांनी बुजवलेली होती, ती फोडली. नोटिशीत जिला 'शासकीय भिंतीची अनधिकृत तोडफोड' म्हटले आहे, ती हीच. आत जे दिसले त्याचे वर्णन करणे अर्जदाराच्या जिवावर येते, पण नोटिशीला उत्तर द्यायचे तर ते करणे भाग आहे. बोळीत गुडघाभर उंचीचा थर साचला होता : शिळा भात, हाडे, उष्ट्या कागदी ताटल्या, चहाचे कप, पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेले पाइप. हा थर खालून हलत होता. आणि त्यावर उंदीर मरून पडले होते, काही फुगलेले, काही फुटलेले, आपल्या कार्यालयाचा शिक्का असलेल्या विषाच्या पुड्यांशेजारी. म्हणजे वरून जेवण पडत होते, जेवणाला उंदीर येत होते, आणि उंदरांना वरूनच विष पडत होते. एकाच खिडकीतून सगळी सोय.

नणंद डोके आत घालून पाहत असताना वरून एक हात बाहेर आला आणि डब्यातला उरलेला रस्सा खाली ओतला गेला. तो नणंदेच्या केसांवर पडला. वरून आवाज आला, "कोण आहे खाली?" नणंद केस निथळत म्हणाली, "खालचे लोक. तुमचं जेवण पोचलं." खिडकी लागली. तो हात कोणाचा होता, याबद्दल अर्जदार तक्रार करत नाही. बोटात हिरव्या खड्याची अंगठी होती, इतके नमूद करून ती हा परिच्छेद संपवते.

७. त्याच दिवशी दुपारी आपण स्वतः येऊन दारावर नोटीस डकवलीत. दुर्गंधी अर्जदाराच्या खोलीतून पसरते आहे, तिने भिंत फोडून ती वाढवली आहे, आणि खोलीतला सर्व कागदी माल दूषित असल्याने तिन्ही पुस्तकांच्या यच्चयावत प्रती आठवड्याच्या आत कचरा डेपोवर जमा करून नष्ट कराव्यात, असा मजकूर आहे. जी दुर्गंधी पाहणीत आढळली नव्हती, ती नोटिशीत आढळली, ही प्रगती अर्जदार मान्य करते. बोळ साफ करण्याबद्दल नोटिशीत काही नाही. नोटीस वाचून अर्जदाराचे पती पहिल्यांदाच खोलीत आले, त्यांनी झरोक्यातून आत पाहिले, आणि भिंतीला लागलेले गठ्ठे मोजले. नंतर ते म्हणाले, "पुस्तकं आधी इथून हलवू या. डेपोचं नंतर बघू." ते पुस्तकांना पुस्तके म्हणाले, याची नणंदेने मोठ्याने दखल घेतली.

८. म्हणून आपणास कळवण्यात येते की, नोटिशीत मागितलेल्या प्रती आता खोलीत नाहीत. पतींनी कामावरची हातगाडी आणली आणि गठ्ठे बाहेर काढले. समारंभाला आलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्यांदा आले. ज्या बाईने तोंडावर हात धरला होता ती सर्वांत आधी आली आणि दोन्ही हातांत मावतील तेवढ्या प्रती घेऊन गेली. सध्या ही पुस्तके ठिकठिकाणच्या गच्च्यांवर, खिडक्यांत आणि कपडे वाळवायच्या दोऱ्यांवर उघडी करून ठेवली आहेत. पानांत खायचा सोडा भुरभुरून झटकतात, ऊन फिरेल तशी पाने उलटतात, आणि उलटता उलटता वाचतात, असे समजते. दंतवैद्यांनी आपल्या कवितांना लवंगतेल चोळले. त्या कविता आता त्यांच्या दवाखान्यासारख्या वासाच्या झाल्या आहेत, पण तो वास सहन होतो. प्रती कोणाकोणाकडे आहेत याची माहिती आपल्या शिपायाने मागितली. ती अर्जदाराला तोंडपाठ आहे आणि ती देणार नाही.

९. आता मूळ मागणी. नोटीस रद्द व्हावी आणि बोळ साफ व्हावी, हे तर आहेच. पण हा अर्ज मुख्यतः त्यासाठी नाही.

टेलिफोनबाई समारंभानंतर घराबाहेर पडलेल्या नाहीत. दार अर्धेच उघडतात आणि मागे सरकून उभ्या राहतात. शेजारीण सांगते, दिवसातून तीनतीनदा अंघोळ करतात, हाताची कातडी सोलवटली आहे. अर्जदार व नणंद दोघी जाऊन आल्या. बोळ, उंदीर, खिडकी, पाहणीचा अहवाल, सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुम्ही चांगल्या आहात. माझं मन राखताय." नणंदेने शपथ घेतली. त्या म्हणाल्या, "भिंतीचा असता तर तुमच्या त्या ऑफिसनं लिहून दिलं असतं की. समारंभाआधी त्यांनी तर लिहिलंय, वासच नाही म्हणून."

महोदय, या बाईने सारी नोकरी सरकारात केली. सहीशिक्क्याचा कागद खोटे बोलत नाही, यावर तिचा विश्वास आहे. तो विश्वास चुकीचा आहे हे तिला पटवून देण्याची अर्जदाराची इच्छा नाही आणि आता तेवढा वेळही नाही. तेव्हा तिला तिच्या विश्वासाचाच कागद मिळावा. मसुदा सोबत जोडला आहे, वाक्य एकच आहे : 'त्या दिवशी आलेला वास आपला नव्हता, तो या कार्यालयाचा होता.' खाली आपली सही, हुद्दा आणि गोल शिक्का.

हे पत्र मिळाल्यास अर्जदार झरोका स्वखर्चाने बुजवून देईल, नणंदेच्या केसांचा विषय काढणार नाही, आणि बोळीची छायाचित्रे कोठेही छापणार नाही. छापायची कला तिला येते, हे वेगळे सांगायला नको. पत्र पोस्टाने पाठवू नये. आपण स्वतः नेऊन द्यावे, दार अर्धे उघडले तरी उंबऱ्याशीच उभे राहू नये, आत जावे आणि त्यांच्या शेजारी बसावे. रुमाल खिशात ठेवावा.

आपल्या उत्तराची वाट खालच्या मजल्यावर पाहत असलेली,

(सही)
अर्जदार प्रकाशिका

दिनांक : नोटीस लागल्याच्या तिसऱ्या दिवशी

सोबत :
१) पत्राचा मसुदा, सही व शिक्क्यासाठी जागा सोडून.
२) बोळीची छायाचित्रे (जेवणानंतर पाहू नयेत).
३) टेलिफोनबाईंचा पत्ता, आणि त्यांच्या पुस्तकाची एक प्रत, उन्हात ठेवून वाळवलेली. ती त्यांना द्यावी. त्यांच्याकडे नाही.