शेपूट धरणारी

तीर्थपुरी,
मंगळवार

प्रिय दीपमाला,

अंगण झाडून झालं होतं, नळाचं पाणी भरून झालं होतं, भाकरीचं पीठ परातीत काढून ठेवलं होतं, आणि तुझ्या पप्पांचा पांढरा सदरा इस्त्रीला घेतला तर पाठीवर हा एवढा पिवळा पट्टा उमटला. विहारात वंदनेला जायचं होतं, आणि माझ्या इस्त्रीच्या बुडाला पिवळं प्लास्टिक वितळून बसलं होतं. आदल्या संध्याकाळी त्यांच्या त्या रिमोटवरच्या विमानाच्या पंखाला प्लास्टिकची फिल्म चिकटवायला त्यांनी ती घेतली आणि न पुसता जागेवर ठेवून दिली. मी तोंड सोडलं, तर ते सदऱ्याला बोट लावून म्हणाले की पुसायची राहिली हे खरं, पण रंग बघ किती पक्का बसलाय. आणि तोच सदरा घालून गेले. पार पुढं जाऊन बसले. मागच्या बायका वंदना म्हणता म्हणता त्या पट्ट्याकडं बघायच्या, मग माझ्याकडं.

हे तुला माहीत आहे. तरी परत लिहिलं, कारण हल्ली तू पप्पांबद्दल बोलतेस तेव्हा ते कुणा दुसऱ्याच माणसाबद्दल चाललंय असं वाटतं. शांत, समजूतदार, थोर. ते चांगले होते, पण त्यांनी मला वैताग फार दिला, आणि माणूस गेलं म्हणून तो विसरून जायला मी तयार नाही. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. मी दोन वाक्यं बोलले की तू गोळ्या घेतल्या का विचारतेस. पत्रात मधे बोलता येत नाही.

विमानाचंच घे. लोक एका पंखाचं विमान करतात. त्यांचे बँकेतले दोस्त भालचंद्र भाऊजी तसंच करायचे, पटकन व्हायचं, पटकन उडायचं. पण तुझ्या पप्पांना एकावर एक असे दोन पंख पाहिजेत, म्हणजे काम दुप्पट, मधे दांड्या, दांड्यांना तारा, आणि एक तार ढिली पडली की सगळ्या परत ताणा. अंकुशनगरला कारखान्याच्या कॉलनीत होतो तेव्हा ड्युटीवरून आले की चहा पिऊन बसलेच. ते पापडासारखं हलकं लाकूड कापून कापून घरभर भुसा. भाजीत भुसा, तुझ्या वेणीत भुसा. तू त्यांच्या मांडीवर बसून गोंदाच्या बाटलीचं टोपण धरायचीस. मोठी झालीस तशी रिमोटही धरायला लागलीस, आणि तुझा हात त्यांच्यापेक्षा हलका आहे असं ते सगळ्या कॉलनीत सांगत फिरायचे.

मला मात्र एकच काम होतं. शेपूट धरायचं. मोटर फिरायला लागली की विमान पुढं ओढ घेतं, म्हणून कुणीतरी मागं गुडघे टेकून शेपूट धरून बसावं लागतं. ते रिमोटवरून पंखांच्या पट्ट्या हलवून बघायचे आणि मी मागून ओरडायची, उजवी वर, डावी वर, बराबर. मग त्यांनी मान हलवली की सोडायचं. धूळ सगळी माझ्या तोंडात. कौतुक सगळं त्यांचं. भाऊजींचं विमान नाकावर मातीत घुसलं की तुझे पप्पा लांबून विचारायचे, “काय भालचंद्रराव, पेरणी झाली का?” आणि दोघं बँकेतल्या आणि कारखान्यातल्या रिटायर माणसांसारखे नाही, शाळेतल्या पोरांसारखे हसत बसायचे. चोर ड्रोननं घरं हेरतात अशी आवई उठली होती तेव्हा गावातले लोक काठ्या घेऊन माळावर आले, तरी यांचं हसणं थांबेना. शेवटी मी पुढं होऊन सांगितलं की हे चोर नाहीत, बिनकामाचे आहेत. लोकांना ते लगेच पटलं.

सदऱ्याच्या त्या प्रकारानंतर इस्त्री मी त्यांच्या हातात दिली नाही. तुम्ही लाकूड करा, फिल्म मी लावते म्हटलं. म्हणून या शेवटच्या विमानाची सगळी कातडी माझ्या हातची आहे. वरून पिवळं, आणि खालच्या पंखाच्या पोटाला लाल पट्टे. पोटाला पट्टे कशाला, तिथं कोण बघणार, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, आभाळात गेल्यावर पाठ कुठली अन् पोट कुठलं ते कळायला नको का. आडव्या पट्ट्यांची टोकं वळवताना बोट भाजलं, त्याचा डाग अजून आहे.

दसऱ्याला विमान तयार झालं. पहिलं उड्डाण दीपाचं, हे त्यांनी आधीच जाहीर केलेलं. तू दिवाळीला येणार होतीस. त्यांनी बॅटऱ्या चार्ज करून ठेवल्या. तुझं काम निघालं, तर त्या भरलेल्या बॅटऱ्या तशाच ठेवल्या तर खराब होतात म्हणून त्यांनी बसून परत अर्ध्यावर उतरवल्या. मग तू नाताळच्या सुट्टीत येणार होतीस. परत भरल्या, परत उतरवल्या. मग संक्रांतीला. भाऊजी म्हणाले, तातेराव, एकदा हवेत तर जाऊ द्या, दुसरं उड्डाण तिचं. पण नाही. मी पण म्हटलं, आणि माझ्यावर खेकसले. फेब्रुवारीत ते दुपारचे आडवे झाले ते उठले नाहीत. चार्जरवर बॅटरी होती. तीही मीच काढली.

तेव्हापासून ते विमान मधल्या खोलीत लटकून आहे, तुझ्या पाळण्याच्या कडीला. झाडताना वाकावं लागतं. पंखा लावला की ते हेलकावे घेतं आणि तारा वाजतात, म्हणून उभा उन्हाळा मी पंखा न लावता काढला. मे महिन्यात, तीर्थपुरीत. दुर्गाबाई भेटायला आली तर घाम पुसत म्हणाली की तुझा नवरा गेला तरी वारा अडवून बसलाय. आणि तुझा रोजचा फोन, हात लावू नको, खाली काढू नको, ऊन लागू देऊ नको. मग तू तो काचवाला पाठवलास. जालन्याहून आला बिचारा, फीत लावून सगळीकडून मापं घेतली, स्टुलावर चढला, उतरला, आणि मला विचारलं की ताई, आत पाणी किती भरायचं. तो माशांच्या टाक्या करणारा होता. पाणी नाही, विमान ठेवायचंय म्हटल्यावर त्यानं बराच विचार केला आणि सांगितलं की वरचा पंख काढून टाकला तर पेटी स्वस्तात आणि सुटसुटीत बसेल. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. तो पेटी घेऊन पुढच्या आठवड्यात येणार होता आणि तू त्याच्या मागून, विमान हैदराबादला न्यायला. चौदाव्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात, काचेत. मला पण तिथंच न्यायचं म्हणतेस. माझी मापं अजून कुणी घेतली नाहीत एवढंच.

दुसऱ्या बाजूनं भाऊजी. त्यांचं म्हणणं, स्मृतिदिनाला विमान उडवू, बॅनर लावू, दोन शब्द बोलू, मोबाईलवर शूटिंग करू. उडवणार ते. हवेत घुसण्यापेक्षा मातीत घुसायचा ज्यांना जास्त सराव आहे, ते. मी विचारलं, आणि मी काय करू. तर अगदी प्रेमानं म्हणाले, “वहिनी, तुम्ही नेहमीसारखं शेपूट धरा.”

आता ही गोष्ट तुला माहीत नाही. तुझ्यासाठी पप्पांनी कॉम्प्युटरवर ते खेळासारखं घालून ठेवलं होतं बघ, रिमोट जोडायचा आणि पडद्यावर विमान उडवायचं. उन्हाळ्यात दुपार सरता सरेना. वाचनालयातली पुस्तकं संपली होती, नवी येईनात. म्हणून एक दिवस मी तो रिमोट हातात घेतला. पडद्यावर मी इतकी विमानं पाडली की खऱ्यातली असती तर गावावर लाकडाचा पाऊस पडला असता. लांब जाताना विमान ऐकायचं. वळून माझ्याकडं यायला लागलं की सगळं उलटं व्हायचं, त्याचं डावं ते माझं उजवं, आणि मी घाबरून नेमकी चुकीच्या बाजूला दांडी न्यायची. रागानं रिमोट ठेवून द्यायची आणि चहा करून परत बसायची. अशात एकदा आठवलं. तुझे पप्पा भाऊजींवर कायम ओरडायचे की डावं उजवं सोडा हो, जो पंख पडतोय त्याला टेकू द्या. म्हणजे जो पंख खाली जातोय, त्याच बाजूला दांडी न्यायची, खालून आधार दिल्यासारखी. मी मागं शेपूट धरून हे वर्षानुवर्षं ऐकलं होतं. भाऊजींच्या डोक्यात ते कधी गेलं नाही, माझ्या डोक्यात नुसतं पडून होतं. त्या दिवशी दांडी तशी नेली आणि विमान पडद्यावर सरळ माझ्या अंगावर आलं, डोक्यावरून गेलं.

मग माळ्यावरचं जुनं थर्माकोलचं विमान काढलं. जांब समर्थच्या रस्त्याला आपला माळ आहे, तिथं सकाळी दुर्गाबाई शेळ्या घेऊन येते. ती पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. म्हणाली, “सत्यशीले, हे काय करून राह्यलीस? लोक म्हणतील नवरा गेला अन् बाई फिरली.” मी म्हटलं, विमान फिरवतेय, मी जागेवर आहे. थर्माकोल चार ठिकाणी मोडलं, चिकटपट्टीनं जोडलं, परत मोडलं. पण दिवाळीच्या सुमाराला मी ते उडवून जिथून सोडलं तिथंच जवळपास उतरवायला लागले होते. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, आई, ऊन लागेल.

परवा रविवारी भाऊजींना बोलावलं. बॅनर नको, शूटिंग नको, नुसते या म्हटलं. ते त्यांची हत्यारांची पेटी घेऊन, नारळ घेऊन आले. नारळ मी चटणीसाठी घरात ठेवला. कडीवरनं विमान काढलं, सगळ्या तारा ताणून बघितल्या, बॅटरी आदल्या रात्रीच भरली होती. माळावर वारा कमी होता. भाऊजींनी रिमोट घ्यायला हात पुढं केला. मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही शेपूट धरा.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, विमानाकडं बघितलं, दुर्गाबाईकडं बघितलं. तिनं मान डोलावली. मग ते बसले बाई गुडघे टेकून, कण्हत, धोतर असतं तर सावरलं असतं असे. मी दांडी हलवली, ते मागून ओरडले, उजवी वर, डावी वर. बराबर म्हणायचं विसरले, ते माझं मीच म्हटलं. मोटर वाढवली आणि मान हलवली.

विमानानं डावीकडं ओढ घेतली, मी सरळ केलं, आणि ते दगडधोंड्यांवरून टणाटण उड्या मारत गेलं आणि मग उड्या थांबल्या. दीपा, ते थर्माकोलसारखं नाही गं. हळू जातं, जड जातं, दोन्ही पंखांनी हवा धरून ठेवतं. शेळ्यांवरून गेलं, बाभळीवरून गेलं. परत येताना नेमकं सूर्यात शिरलं आणि मला काही दिसेना. नुसता काळा ठिपका. मग ते कलंडलं आणि लाल पट्टे दिसले. माझे पट्टे. म्हणजे पोट माझ्याकडं होतं आणि डावा पंख पडत होता. टेकू दिला. उठला. तीन घिरट्या घातल्या आणि खाली घेतलं, आणि चाकं टेकली म्हणून मी श्वास सोडला तोच एका दगडाला अडखळून ते नाकावर उलटं झालं. प्रोपेलर मोडला. खालच्या पंखाचं डावं टोक चिरलं आणि फिल्म फाटली. भाऊजी धावत आले, ते उचलून बघितलं आणि चष्मा काढून पुसत बसले. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, “वहिनी, पेरणी झाली तुमची.”

आता हे पत्र कशासाठी, तर तू आल्यावर काचेत ठेवायला जे नवंकोरं विमान शोधशील ते इथं नाही, हे आधी कळावं म्हणून. तू ते काचेत का ठेवायला निघालीस हे मला कळतं. न उडालेलं विमान बघत बसायचं आणि आपण दिवाळीला गेलो नाही, नाताळला गेलो नाही, संक्रांतीला गेलो नाही हे रोज स्वतःला सांगायचं, असं तुझं चाललं असतं. ते वाट बघत होते, हे खोटं कशाला सांगू. पण एकदाही तुझ्यावर चिडले नाहीत. बॅटरी उतरवताना शीळ घालायचे, त्याचाही मला वैताग यायचा. तुला शिक्षा व्हावी म्हणून त्यांनी ते थांबवलं नव्हतं, तुझा हात हलका आहे म्हणून थांबवलं होतं, आणि तो अजून हलकाच असेल. वाट बघणारं विमान मी काढून टाकलं. आता घरात आहे ते उडालेलं आणि आपटलेलं आहे, त्याला काचेची गरज नाही. दुसरं उड्डाण तुझं. काचवाल्याला मी नको म्हणून कळवलंय. तू मात्र ये. शेपूट मी धरीन, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. आणि हैदराबादचं मला नंतर विचार, आधी इथलं काम उरकू दे.

दुसऱ्या दिवशी, काल सोमवारी, मी अंगण झाडलं, पाणी भरलं, भाकऱ्या केल्या, पंखा लावला, आणि इस्त्री तापवून खालच्या पंखाला नवी फिल्म लावली. इस्त्री पुसून ठेवली.

तुझीच,
आई