टेकडीवरची खडी

आंस फिलाओ, रॉड्रिग्ज बेट
४ ऑगस्ट १९८८

चि. सेर्ज यास,
फ्लोरीनताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

दोन बोटी आल्या नि गेल्या, तुझी एक ओळ नाही. पोर्ट लुईला शाई महागलीय का रे? आईला मी म्हटलं, तुझा लेक साहेब झालाय. ती म्हणाली, साहेब असो नाहीतर गोदीतला हमाल, नोव्हेंबरातल्या मृतांच्या सणाला घरी पाहिजे.

बाबांना समुद्राने परत दिलं नाही, म्हणून त्यांचं नाव टेकडीवरच्या गावच्या क्रुसावर, बुडालेल्यांच्या फळीवर. ते दरसाल मुलाच्याच हातून रंगवायचं, ही गावची रीत. तू तीन वर्षं आला नाहीस. गेल्या वर्षी मी ब्रश घेऊन निघाले, तर आईने तो हातातून काढून घेतला. आता शेवटची दोन अक्षरं उरलीत. तीही पुसली गेली की फळीवरची ती जागा दुसऱ्या घराला देतात. आईने त्याचाच घोर घेतलाय.

डॉक्टर म्हणतात, तिचं काळीज फार थकलंय. पुढचा सण ती बघेल असं मला वाटत नाही. लिहू नये, पण लिहिते.

बेत ऐक. टेकडी ती केवढीशी, आपल्या शेळ्यासुद्धा तिला मोजत नाहीत! तरी ऊन कललं की हळूहळू निघायचं. पहिला विसावा केवड्यापाशी. दुसरा सपाट कातळावर, तिथे मक्याचा भात नि राजमा खायचा, लिंबाचं लोणचं मी घातलंय. मग वर. रंगाचा डबा माझ्याकडे, आई तुझ्या खांद्यावर. तुझा खांदा असला तर ती चढेल. नसला तर नाही.

पत्राला पत्र पाठव. लोभ आहे, पण तो आटायला वेळ लागत नाही हो!
तुझी ताई


पोर्ट लुई
३० ऑगस्ट १९८८

ती. ताईस,
सेर्जचा सा. न. वि. वि.

कातळाकडे जाणाऱ्या वाटेवर ती बारीक खडी अजून तशीच आहे का ग? आणि वर धरायला काही आहे का? हसू नकोस. सांगतो.

मे महिन्यात गोदीत साखरेच्या पोत्यांची झोळी क्रेनवरून सुटली ती माझ्यावर. उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला. तेव्हापासून रोज पत्र लिहायला बसतो नि फाडतो. कुबड्यांवर फरशीवर चालता येतं. खडीवर कुबडी सरकते. दवाखान्याच्या अंगणात दोनदा तोंडावर आपटलो, लोक धावले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ज्या टेकडीवर मी पळत जायचो, ती आता रोज स्वप्नात येते आणि रोज मी खालीच असतो. आईला मी काय धरणार, ताई? मलाच कुणीतरी धरायला हवं. तिला खांदा पाहिजे नि लेक येणार लाकडं टेकत.

तरी येतो. वीस ऑक्टोबरच्या बोटीत जागा मिळालीय. हात शाबूत आहेत, नाव लिहीन. बसत, सरपटत वर जाईन, पण लिहीन. आईला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस. आताच कळलं तर ती त्या घोरानेच जाईल.

तिला माझा नमस्कार सांग. तुझा लोभ आटू देऊ नकोस, दुसरं काही उरलेलं नाही.
तुझा सेर्ज


आंस फिलाओ
२ ऑक्टोबर १९८८

चि. सेर्ज,
आशीर्वाद कुठल्या तोंडाने लिहू?

तार मिळाली असेल. तारेत एवढंच मावलं की आई गेली. कशी गेली ते हे.

कसा रे विसरलास, बोटीच्या दिवशी आपल्याकडे पत्रं कुठे उघडतात ते! लिमकाकांच्या दुकानाच्या पडवीत, सगळ्या गावासमोर, मोठ्याने. मी ओहोटीला खडपावर ऑक्टोपस मारायला गेले होते. आईने पाकीट काकांच्या हातात दिलं. बिचारे वाचत गेले, आईला कळू देऊ नकोस हेसुद्धा वाचून गेले. मी भाल्यासकट धावत आले, तेव्हा पडवीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

आई रडली नाही. घरी येऊन एवढंच विचारलं की कुबडीचं टोक केवढं असतं. मी खेकसले, म्हटलं मला काय माहीत! हे तिच्याशी माझं शेवटचं धड बोलणं. नंतरचे दिवस मी चुलीशी बसून तुझ्यावर चरफडण्यात घालवले.

मी ओहोटीला गेले की ती घराबाहेर पडायची. शेजारणीला सांगायची, शेळ्या बघून येते. मला वाटलं, मोकळ्या हवेत बरं वाटत असेल. मंगळवारी ती आलीच नाही. सपाट कातळाच्या थोडी वर सापडली, बसल्या बसल्या कलंडलेली. हातात खुरपं, ॲप्रनच्या ओच्यात खडे. डॉक्टरने तिला पायरीसुद्धा चढू नकोस म्हणून सांगितलं होतं रे.

तुझ्यावर रागावू की स्वतःवर, काही कळत नाही. दोन दिवस तोंडात घास गेला नाही.

काल दोन काठ्या घेतल्या, एक पाय उचलून धरला आणि वाट चढून पाहिली. केवड्यापासून कातळापर्यंत काठीखाली एक खडा आला नाही. सगळे वेचून तिने कडेला नीट रचून ठेवलेत. कातळाच्या वर मात्र खडी आहे, तेवढी मी आजपासून रोज ओहोटीनंतर काढणार आहे.

वीस तारखेची बोट चुकवू नकोस. वाट तयार असेल. लोभ मागायचं कारण नाही, तो आहेच.
तुझी ताई