तिसऱ्या कॅसेटवरचं भांडण

बाबा, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि मी अजून त्याच परदेशी बँडवरून भांडते आहे. पूर्वी तुमच्याशी भांडायची, आता इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांशी भांडते. माझी मतं पक्की आहेत. पहिला अल्बम अस्सल, दुसरा बरा, चौथ्यापासून सगळे सज्जन झाले आणि मजा गेली. तिसऱ्याचा विषय निघाला की मात्र मी गप्प बसते. त्याला कारण तुम्ही आहात.

दिग्रसचं आपलं स्वयंपाकघर. पहिली कॅसेट चालू आहे, आई भाकरी थापते आहे, तुम्ही सरकी काढायच्या कारखान्यातून, जिनिंगवरून आलात, मिशीला कापूस चिकटलेला. गायक किंचाळतो. "काहून वं, याले कोनी मारून राह्यलं काय?" तुम्ही विचारता. आई म्हणते, "त्याले आधी पानी द्या म्हना." तुम्ही जिनिंगवर कापसाची प्रत ठरवायचे. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धागा लांब की आखूड ते सांगायचं, यात तुमचा जन्म गेला. हळूहळू गाणीही तुम्ही तशीच तपासायला लागलात, हवेत बोटं ओढून. पहिला अल्बम: "धागा आखूड हाय, पन मजबूत." दुसरा: "हे तं फरदड होय." म्हणजे सगळ्या वेचण्या झाल्यावर त्याच झाडांना पाणी देऊन काढलेला उरलासुरला कापूस. मला भयंकर राग आला, कारण ते खरं होतं.

मग ती वाईट वर्षं आली. जिनिंगवर कापसाच्या गाड्या येईनात. तुम्ही दिवसभर वाट पाहत बसायचे, म्हणून सोबतीला टेपरेकॉर्डर तिकडे घेऊन गेलात. हंगाम लवकरच आटोपला आणि तुम्ही टेपरेकॉर्डरसकट घरी आलात. त्यानंतर माझ्या जुन्या दोन्ही कॅसेटी जड आवाजात वाजायला लागल्या. मी म्हटलं, ऐकून ऐकून फीत ताणली असेल. तेवढ्यात मावसबहिणीनं नागपूरहून तिसरी पाठवली. ती तर नवीकोरी, आणि गायक झोपेतून उठल्यासारखा रेंगाळत गातोय. माझा बँड संपला! तुम्ही मात्र डोळे मिटून बसलात. "हा गडी आता घाई नाई करून राह्यला. असा लांब धागा मी या साली पाह्यला नाई."

मी फाडकन बोलले, "बाबा, तुमी कापूसच पाहा. गान्यातलं तुमाले काय समजते?" पाहायला कापूस नव्हता, हे तेव्हा मला दिसत होतं. तरी बोलले. तुम्ही "बरं" म्हणालात आणि उठून ओसरीवर गेलात. त्यानंतर मी गाणी लावली की तुम्ही ओसरीवरच बसायचे. दोन वर्षांनी तुम्ही गेलात.

पुण्यात नोकरीला लागल्यावर एका मैत्रिणीकडे तो तिसरा अल्बम सीडीवर ऐकला. सुसाट! मागे कुत्रं लागल्यासारखा गायक पळत होता. तुझी सीडी नकली आहे म्हणून मी तिच्याशी तासभर भांडले. दिवाळीला घरी आल्यावर शंका आली आणि मी टेपरेकॉर्डर उघडला. फीत ओढणाऱ्या रबरी चाकाच्या आसाला जिनिंगवरची रुई गुंडाळून तिची चांगली जाड वात झाली होती, चाक अडत होतं आणि प्रत्येक कॅसेट हळू फिरत होती. म्हणजे आपण दोघं ज्या अल्बमवर भांडलो तो त्या बँडनं कधी काढलाच नव्हता. मी एकटीच खूप हसले, आणि मग रडले.

बाबा, मी तुमची माफी मागायला हवी होती. ओसरी पाच पावलांवर होती. आता या पत्रावर पत्ता काय घालू, म्हणून ते कपाटात ठेवते आहे. फक्त एक सांगून टाकते. घरी कुणी नसलं की मी कॉम्प्युटरवर तो अल्बम मुद्दाम आपल्या टेपरेकॉर्डरच्या मंद गतीनं लावून ऐकते. तसा तो सगळ्यांत चांगला आहे. हे मी अजून कुणाजवळ कबूल केलेलं नाही.