माझा एक, त्यांचा नऊ

२ मार्च, सोमवार

क्षमा असावी. रोजनिशी लिहावी असे माझ्या आयुष्यात काही घडत नाही, आणि दहावीला मराठीत पंच्याण्णव गुण मिळाले ही काही लिहिण्याची पात्रता नव्हे. तरीही हे पान खराब करते आहे. आज प्रयोगशाळेत जे झाले ते सांगायला दुसरे कोणी नाही — ज्यांना सांगावे, त्यांच्यावरच ते कोसळले आहे.

पितामहांचे पत्र आले. पितामह म्हणजे आमच्या प्रतिपिंडांच्या जगातले सर्वांत ज्येष्ठ शास्त्रज्ञ. दूरदेशी असतात, त्यांचे हे नाव ताईंनी, म्हणजे इथे पीएच.डी. करणाऱ्या माझ्या वरिष्ठांनी, ठेवलेले. (शाळेत मी 'प्रतिपिंड' शिकले, इथे सगळे अँटिबॉडी म्हणतात. मी अजून मनात भाषांतर करून बोलते.) ठिकठिकाणच्या प्रयोगशाळा आपापली प्रतिपिंडे त्यांच्याकडे पाठवतात, ते ती पारखतात आणि दर महिन्याला यादी जाहीर करतात — भरवशाची कोणती, बिनभरवशाची कोणती. त्या दुसऱ्या रकान्यात गेलेल्याला पुन्हा कोणी हात लावत नाही.

आमच्या प्रतिपिंडाचे नाव 'नववा'. नवव्या क्रमांकाच्या पेशींच्या कुळातून निघतो म्हणून नववा. तो एकाच प्रथिनाला चिकटतो, दुसऱ्या कशाकडे ढुंकूनही पाहत नाही, म्हणून लाडाचे नाव 'एकवचनी'. ताईंची चार वर्षे त्याच्यात गेली. महिनाअखेर प्रबंध द्यायचा आहे.

पितामह लिहितात: ज्या पेशींतून ते प्रथिन मुळासकट काढून टाकले आहे, त्यांच्यातही तुमचा नववा तितकाच चमकतो. म्हणजे तो भलत्यालाच चिकटतो. १३ तारखेच्या यादीत तसे नोंदवावे लागेल, खेद वाटतो. त्या पेशींच्या काचपट्ट्या टपालाने पाठवत आहे, आपणही पाहाव्यात.

ताईंनी पत्र दोनदा वाचले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. बाई म्हणाल्या, "आज कोणी काही बोलू नका." (बाई म्हणजे आमच्या प्रमुख. सगळे मॅडम म्हणतात. मी पहिल्या दिवशी शाळेच्या सवयीने 'बाई' म्हणाले, ते कायमचे झाले.)

मी तशीही बोलत नाही.

३ मार्च, मंगळवार

ताईंनी डबा उघडला नाही. विचारावे असे ठरवले. वाक्य तयार होईपर्यंत दुपार संपली.

४ मार्च, बुधवार

सापडले!

बाईंनी द्रव नायट्रोजनच्या टाकीतली पेटी लावायला सांगितली. गोठवलेल्या पेशींच्या कुप्या असतात त्या — बोटभर उंचीच्या, झाकणावर क्रमांक. नवव्याच्या कुप्यांशेजारी पहिल्याच्या कुप्या होत्या. हा पहिला म्हणजे टाकून दिलेले कुळ. दिसेल त्याला चिकटतो. ताई त्याला 'गळेपडू' म्हणतात. त्याच्या कुप्यांवर क्रमांक माझ्या हातचे. इथे आल्याच्या पहिल्या आठवड्यातले. आणि ते मी मराठीत लिहिले होते.

१.

डोके गोल, शेपूट खाली. यांचा इंग्रजी 9 — डोके गोल, शेपूट खाली. बर्फ धरलेल्या झाकणावर, हातमोजे घालून, घाईत पाहिले तर माझा एक म्हणजे त्यांचा नऊ!

पेटीच्या नोंदीत पहिल्याच्या सहा कुप्या. पेटीत पाच. सहावी काढल्याची नोंद नाही. पितामहांकडे नवव्याऐवजी गळेपडू गेला असणार. तो चमकेल नाही तर काय करील?

चूक माझी. आणि एवढा आनंद मला बोर्डाच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

५ मार्च, गुरुवार

सांगितले. सकाळी सव्वानऊला, दोन पेले पाणी पिऊन.

ताई आधी टेबलावर डोके ठेवून हसल्या, आणि मग ते हसणे रडण्यात कधी गेले ते त्यांनाही कळले नसावे. "अगं पाठ्यपुस्तका," म्हणाल्या, "तुझ्या त्या एकामुळे मी तीन दिवस जेवले नाही गं." (माझ्या बोलण्यावरून मला 'पाठ्यपुस्तक' म्हणतात. मला आवडते. सांगितलेले नाही.)

बाईंनी कुपी उलटीसुलटी करून पाहिली. "अंकलिपी गिरवायला बसवू का तुला पुन्हा?"

"बसते, बाई."

"तो विनोद होता."

"हो, बाई."

"पितामहांना पत्र तू लिही. चूक ज्या हाताची, पत्र त्याच हाताचे."

दुपारपर्यंत टाकीवर कागद लागला: एक ते दहा, मराठी आणि इंग्रजी, शेजारीशेजारी. खाली ताईंचे अक्षर — 'परदेशी पाहुण्यांनी मार्गदर्शकाची मदत घ्यावी.' संध्याकाळी माझ्या नावाने केक कापला. चुकीसाठी केक मिळालेली या इमारतीत मी पहिलीच असेन.

७ मार्च, शनिवार

पत्राचे आठ मसुदे झाले. पहिल्यात क्षमा सहा वेळा. आईला फोनवर वाचून दाखवले. आई म्हणाली, "अगं, माफी मागतेस की जामीन? एकदा माग आणि पुढच्या कामाला लाग."

एवढ्या मोठ्या माणसाला कसे लिहावे? या क्षेत्रातली मोठी माणसे मला फक्त शोधनिबंधांच्या तळटीपांतून ठाऊक. आणि बाईंच्या गोष्टींतून. एक आजीबाई आहेत, ज्यांनी तीस वर्षे मागेल त्याला आपल्या कुप्या फुकट दिल्या. अर्ध्या जगाचे काम त्यांच्या पेशींवर उभे आहे आणि त्यांचे नाव आभारांच्या शेवटच्या ओळीत असते. दोन प्राध्यापक आहेत, एकाच शोधावरून वीस वर्षे अबोला धरलेले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांशी लग्न केले! दोघेही लग्नाला आले, जेवले आणि दोन वेगळ्या दारांनी गेले. बाई म्हणतात, "प्रतिपिंडांसारखीच माणसं आहेत ही. एकदा कशाला चिकटली की सुटत नाहीत."

नववा मसुदा सातव्यापेक्षा वाईट आहे.

९ मार्च, सोमवार

आठवा पाठवला. तासाभरात उत्तर!

पितामह लिहितात की आपला अंक परक्याला काय दिसतो हे त्यांच्या कधी ध्यानातच आले नव्हते. नववा शुक्रवारच्या यादीतून तूर्त वगळला आहे. नवी कुपी पाठवावी. स्वतःहून चूक सांगणारी पत्रे त्यांना फार कमी येतात. जूनच्या परिषदेत मी दोन मिनिटे ही गोष्ट सांगेन का?

मी. माईकवर. तरी मी 'हो' लिहिले.

त्यांच्या मदतनिसाकडे जुन्या कुपीचा फोटो मागितला आहे, परिषदेत दाखवायला. नवी कुपी ताईंनी लगेच रवाना केली. तिथे पेशी वाढवून उत्तर यायला तीन आठवडे लागतील.

१० मार्च, मंगळवार

पितामहांच्या काचपट्ट्यांचे पार्सल आले. आता त्यांची गरज काय, म्हणून ताईंनी न उघडताच फळीवर ठेवले.

दुसरीकडच्या एका डॉक्टरबाईंचेही पत्र आले. नववा निर्दोष ठरला हे त्यांच्या कानावर गेले (या जगात बातमी कुपीपेक्षा आधी पोहोचते). आम्ही मागे पाठवलेला नववा त्यांच्याकडे आहेच. रुग्णांचे नमुने अगदी थोडे, पुन्हा मिळण्यासारखे नाहीत, म्हणून थांबल्या होत्या. सोमवारी सुरुवात करतील. आभार मानले आहेत — माझे.

११ मार्च, बुधवार

फोटो आला.

झाकणावर 9 आहे. इंग्रजी. हिरव्या शाईत. खाली टिंब.

मी हिरवी शाई वापरत नाही. ते टिंब ताई देतात, नऊ उलटा धरून कोणी सहा वाचू नये म्हणून.

फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. नऊ काही केल्या एक होईना.

मग सहावी कुपी गेली कुठे? माझी पहिली प्रयोगवही काढली. चौदा महिन्यांपूर्वीची नोंद, सुवाच्य अक्षरात: 'पहिल्या क्रमांकाची एक कुपी सरावासाठी काढण्यात आली.' कोणी काढली ते नाही. प्रयोगवहीत 'मी' लिहायचे नाही असे शिकवले होते ना. पेटीच्या नोंदीत लिहायचे मात्र राहिले.

म्हणजे पितामहांकडे नववाच गेला होता.

बाई परीक्षक म्हणून बाहेरगावी गेल्या आहेत. सोमवारी येतील. फोन लावला, बंद.

१२ मार्च, गुरुवार

सकाळी पार्सल उघडले. दोन पट्ट्या: एकीत ते प्रथिन असलेल्या पेशी, दुसरीत ते काढून टाकलेल्या. शीतकपाटातला नववा दोन्हींवर घातला, चार तास थांबले, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. एकवचनी दोन्हीकडे चमकत होता. दोन्हीकडे सारखाच.

"ताई, जरा पाहता का?"

त्यांनी पाहिले. पट्टी बदलली. पुन्हा पहिली लावली.

"पट्ट्यांची अदलाबदल नाही ना झाली तुझ्याकडून?"

"नाही."

"नाहीच होणार. तू कसली करतेस." डोळे अजून भिंगालाच. मी फोटो पुढे केला. त्यांनी टिंब पाहिले आणि नुसती मान हलवली.

"हा फोटो कुणाकुणाला आलाय?"

"मलाच."

त्यांनी दोन्ही पट्ट्या डब्यात ठेवल्या.

"बाई सोमवारी येतील, तेव्हा बघू," त्या म्हणाल्या. "नव्या कुपीचं उत्तर तीन आठवड्यांनी येईलच. तोवर माझा प्रबंध आत गेलेला असेल. खोटं बोल म्हणत नाहीये मी. गप्प बस म्हणतेय. तुला ते जमतं."

हे लागले. खरे होते म्हणून जास्त.

"त्या डॉक्टरबाई सोमवारी सुरू करणार आहेत," मी म्हणाले. "ते नमुने त्यांना परत मिळायचे नाहीत."

"माहितेय मला."

"आणि मी पितामहांना चूक माझी म्हणून लिहिलं आहे. ती माझी नाही."

"तुझीच असती तर किती बरं झालं असतं गं."

पर्स घेतली आणि गेल्या. दिवसाढवळ्या, साडेतीनला. आजवर अशा कधी गेल्या नव्हत्या. सूक्ष्मदर्शकाचा दिवा चालूच राहिला होता. मी बंद केला.

आईला फोन केला. काही सांगितले नाही. तिने विचारले, "परिषदेत कोणता ड्रेस घालणार?" म्हटले, "बघू."

चूक कबूल करणे सोपे गेले मला. त्यात सगळेच बचावत होते आणि केक होता. हे पत्र गेले की ताईंची चार वर्षे, बाईंची पत आणि माझी दोन मिनिटे — तिन्ही जातील. नाही गेले तर कोणाला कळणारही नाही, तीन आठवडे.

मसुदा एकच केला. क्षमा एकदाच.

१३ मार्च, शुक्रवार

'क्षमस्व. आपल्याकडे आलेली कुपी बहुधा नवव्याचीच होती. आपला निष्कर्ष योग्य आहे. माझे ९ तारखेचे पत्र मी मागे घेते. नववा कोणी वापरू नये.' प्रती बाईंना, डॉक्टरबाईंना, ताईंना. शेवटचे नाव लिहीत होते तेवढ्यात ताई आल्या. खुर्ची ओढून शेजारी बसल्या. सावकाश वाचले. म्हणाल्या, "'बहुधा' काढ."

काढले.

पाठवले — शुक्रवार, १३ मार्च, सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटे.